उन्हाळ्यातली औषधे, चिठ्ठी आणि बिल : आमच्या मेडिकलमध्ये काय पाळले जाते
(चोपडा शहर व तालुक्यातील ग्राहकांसाठी)

औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, '२५ अंशांखाली ठेवा' किंवा '३० अंशांखाली ठेवा'. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरात किंवा उन्हात लावलेल्या मोटरसायकलच्या डिक्कीत तर विचारूच नका. कंपनीने कितीही चांगले बनवलेले औषध अशा उष्णतेत गुण गमावू शकते, आणि गोळी वरून जशीच्या तशी दिसते. म्हणून खान्देशात मेडिकल चालवणाऱ्याने आधी उन्हाचा बंदोबस्त करावा, असे आमचे ठाम मत आहे.

इन्सुलिन, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि लसी आमच्याकडे वेगळ्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत असतात. त्यात पाण्याची बाटली किंवा जेवणाचा डबा ठेवला जात नाही, कारण फ्रीज सारखा उघडला की थंडावा टिकत नाही. दुकान उघडताना आणि बंद करताना आतले तापमान वहीत लिहिले जाते. ही वही कुणीही मागून पाहावी. लाइट गेली तर फ्रीज इन्व्हर्टरवर चालतो. जळगावहून येणाऱ्या थर्माकोलच्या खोक्यातले बर्फाचे पाकीट कोमट लागले, तर तो माल आम्ही उतरवून घेत नाही.

पुढची जबाबदारी तुमची. अडावद, धानोऱ्याकडून एसटीने येणाऱ्यांनी इन्सुलिन नेताना थर्मास किंवा बर्फाची पिशवी आणावी, आणि बाजारहाट आटोपून शेवटी आमच्याकडे यावे. इन्सुलिन थेट बर्फाला टेकू देऊ नका. घरी ते फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते, फेकूनच द्यायचे. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात छोटे मडके बसवा, वाळू ओली ठेवा, आणि इन्सुलिन झाकणाच्या डब्यात घालून आत ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे मडके चांगले गार राहते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढे राहत नाही. चालू बाटलीसाठी ही सोय ठीक आहे, जादा बाटल्या फ्रीजमध्येच हव्यात. टोचायला घेतलेली बाटली बहुधा ४ आठवड्यांत संपवायची असते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

याच कारणाने फ्रीजमधले औषध एकदा दुकानाबाहेर गेले की आम्ही परत घेत नाही. काहींना राग येतो. पण वाटेत ते कुठे होते हे आम्हाला कळू शकत नाही, आणि तीच बाटली दुसऱ्या पेशंटच्या हाती देणे आम्हाला मान्य नाही.

आता चिठ्ठीविषयी. 'भाऊ, ती लाल गोयी दे' असे सांगितले तर आम्ही गोळी देत नाही. एका रंगाच्या कितीतरी गोळ्या असतात. जुनी पट्टी आणा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ज्या पाकिटावर लाल चौकटीतली सूचना असते ती 'शेड्यूल एच १' या सरकारी यादीतली औषधे : बरीच अँटिबायोटिक, टीबीची औषधे, झोपेच्या काही गोळ्या. २०१४ पासून ती देताना डॉक्टर, पेशंट, औषध आणि संख्या यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करावी लागते आणि रजिस्टर ३ वर्षे जपावे लागते. नाव-पत्ता विचारला तर तो या नोंदीसाठी.

घरी आधीच कोणती औषधे चालू आहेत तेही सांगा. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही असते. नावे वेगळी म्हणून दोन्ही घेतल्या जातात, आणि त्याचा मार लिव्हरवर बसतो.

बिल मात्र दहा रुपयांच्या औषधाचेही घ्या. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने लहान मुले दगावली. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले. महाराष्ट्रातल्या अन्न व औषध प्रशासनाने ते सिरप थांबवण्याची सूचना काढली ती बॅच नंबर, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक, देऊन. अशी सूचना आली की आम्ही कपाट रिकामे करू. पण तुमच्या घरात गेलेली बाटली त्याच बॅचची आहे का, हे बिलावरूनच कळते. मोबाइल नंबर लिहिलेला असेल तर आम्ही स्वतः फोन करू. लहान मुलांसाठी खोकल्याचे सिरप आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी.

पट्टी कापून घ्यायची असेल तर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा आम्ही शेवटपर्यंत राखतो. तुम्हीही घरी त्या बाजूची गोळी शेवटी काढा. एक्स्पायरी जून २०२७ छापली असेल तर ३० जूनपर्यंत औषध चालते.

औषधाने अंगावर पुरळ उठले, चेहरा सुजला, चक्कर आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दम लागला तर थेट दवाखाना गाठा. नंतर उरलेले औषध, पट्टी आणि बिल घेऊन आमच्याकडे या. अशा त्रासाची नोंद सरकारच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर पेशंटला स्वतःही करता येते. फोन कसा करावा कळत नसेल, तर आमचा फार्मासिस्ट काउंटरवरून लावून देईल.