वजन उतरवणाऱ्या गोळीकडून किती किलोंची अपेक्षा ठेवावी?

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वजन घटवण्याच्या गोळ्या उदंड आहेत. त्यांतली औषध म्हणून रीतसर तपासली गेलेली आणि अनेक देशांत खुल्या विक्रीची परवानगी मिळालेली गोळी मात्र प्रामुख्याने एकच, ऑर्लिस्टॅट ६० मिलिग्रॅम. अमेरिकेत तिला ही परवानगी २००७ मध्ये मिळाली, युरोपात २००९ मध्ये. तिथे १२० मिलिग्रॅमची मात्रा चिठ्ठीवरच मिळते.

ऑर्लिस्टॅट भूक मारत नाही आणि रक्तात जवळजवळ उतरतही नाही. तिचे सगळे काम जठरात आणि लहान आतड्यात चालते. जेवणातला मेद पचवणाऱ्या लायपेज या विकराला ती निकामी करते, त्यामुळे मेदाचे रेणू तुटत नाहीत आणि न तुटलेला मेद आतड्यातून शोषला जात नाही. ६० मिलिग्रॅमच्या गोळीने जेवणातला साधारण पाव हिस्सा मेद असा शौचावाटे निघून जातो.

यावरून होणारी घट आकड्यांत मांडता येते. रोजचा आहार २००० किलोकॅलरींचा आहे आणि त्यातली ३० टक्के ऊर्जा मेदातून येते असे धरा. म्हणजे मेद सुमारे ६७ ग्रॅम. त्याचा पाव हिस्सा १७ ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ प्रमाणे वाचल्या अंदाजे १५० किलोकॅलरी. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ७७०० किलोकॅलरींच्या आसपास. कागदावरसुद्धा एका किलोला ५० दिवस लागतात. प्रत्यक्षात वेग आणखी मंदावतो, कारण वजन उतरले की शरीराचा रोजचा खर्चही उतरतो. चाचण्याही हेच सांगतात. स्वीडनमध्ये ३३०५ स्थूल व्यक्तींवर चार वर्षे चाललेल्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना सारखेच सांगितले होते. १२० मिलिग्रॅम ऑर्लिस्टॅट घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.८ किलो घटले, नुसती दिखाऊ (आत औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांचे ३ किलो. गोळीचा स्वतःचा वाटा पावणेतीन किलोंचा, तोही दुप्पट मात्रेने. तरी हा फायदा क्षुल्लक म्हणू नये, कारण त्याच चाचणीत टाइप २ मधुमेह होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला.

गोळीचा त्रासही याच यंत्रणेतून येतो. न पचलेला मेद मोठ्या आतड्यात पोचला की शौचाची अनावर घाई होते, वायूबरोबर तेल सुटते, कपड्यांवर तेलकट डाग पडतात. हे सगळे त्या जेवणात मेद किती होता यावर अवलंबून असते. म्हणून एका जेवणात मेद १५ ग्रॅमच्या आसपास ठेवायचा. गोळी जेवताना किंवा जेवणानंतर तासाभराच्या आत घ्यायची, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. जेवण चुकले किंवा त्यात मेद नसला, तर त्या वेळची गोळी सोडून द्यायची. मेदाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाहून जातात, त्यामुळे रोज झोपताना एक मल्टिव्हिटॅमिन घ्यावे. बारा आठवड्यांत वजन हललेच नाही, तर गोळी पुढे रेटण्यात अर्थ नाही.

आणखी एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. एरवी आतड्यातले कॅल्शियम अन्नातून येणाऱ्या ऑक्झलेट या पदार्थाला धरून ठेवते आणि दोन्ही बाहेर पडतात. न पचलेला मेद हे कॅल्शियम बळकावतो. मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शिरते, मूत्रपिंडात जाते आणि तिथे खडे होऊ शकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी म्हणूनच आधी डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी दोन गोळ्यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये. गर्भवतींनी, अन्नशोषणाचा जुनाट विकार असलेल्यांनी आणि पित्तप्रवाहाला अडथळा असलेल्यांनी ही गोळी घेऊच नये.

राहिली पूरक आहार म्हणून विकली जाणारी उत्पादने. त्यांना अनेक ठिकाणी विक्रीपूर्वी परिणाम सिद्ध करावा लागत नाही. ग्लुकोमॅनन हा तंतू पाण्यात फुगून पोट भरल्यासारखे वाटायला लावतो. मात्रा १ ग्रॅम, तीनदा, जेवणाआधी एक-दोन पेले पाण्याबरोबर. पाणी कमी पडले तर तो अन्ननलिकेतच फुगून अडकतो. गार्सिनिया या कोकमाच्या जातीच्या फळाच्या अर्काच्या १९९८ च्या १२ आठवड्यांच्या चाचणीत दिखाऊ गोळीपेक्षा जास्त काहीच साधले नाही. ग्रीन टीच्या अर्कातून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य सक्रिय घटक) पोटात गेल्यास यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू शकतात.

खरी भीती वाटावी ती झपाट्याने काम करणाऱ्या 'नैसर्गिक' गोळीची. अशा गोळ्यांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध लपवलेले पुन्हा पुन्हा सापडले आहे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढत असल्यामुळे हे औषध २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारांतून काढले गेले. त्याहून भयंकर डीएनपी (डायनायट्रोफेनॉल) हे रसायन. ते पेशींना ऊर्जा साठवू देत नाही, सगळी उष्णतेत घालवते, आणि शरीर तापत जाऊन माणूस दगावतो. त्यावर उतारा नाही. म्हणून महिन्यात सात-आठ किलोंचे वचन देणारी, किंवा घटकांची नावे देऊन मिलिग्रॅम न सांगणारी बाटली विकत घेऊ नये.

कुठलीही गोळी घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर ती त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. ऑर्लिस्टॅटमध्येही यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणे क्वचित नोंदली गेली आहेत. छाती धडधडली किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर थेट रुग्णालय गाठा. बाटली बरोबर न्या, कारण आत नेमके काय होते हे कळले की उपचार ठरवणे सोपे जाते.