सॉफ्टवेअरच्या दोन प्रस्तावांतून एक निवडताना

व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करून घ्यायचे ठरले की तीन-चार ठिकाणांहून कोटेशन मागवली जातात आणि शेवटी टेबलावर दोन उरतात. त्यांपैकी एक कदाचित आमचे असेल. तरीही हे पत्रक आम्ही प्रत्येक ग्राहकाला सहीपूर्वीच देतो, कारण न समजता झालेल्या करारातून पुढे जे वाद होतात ते ग्राहकाला जितके महाग पडतात तितकेच आम्हालाही पडतात.

समजा, तासगाव परिसरातील बेदाण्याच्या एका शीतगृहाला आवक-जावक, भाडे आणि शेतकऱ्यांची खाती सांभाळणारे सॉफ्टवेअर हवे आहे. पहिला प्रस्ताव ठोक रकमेचा आहे: ४,५०,००० रुपये, मुदत चार महिने, निम्मी रक्कम आगाऊ. दुसरा मासिक दराचा आहे: दरमहा ८५,००० रुपये आणि अंदाजे पाच ते सहा महिने, म्हणजे ४,२५,००० ते ५,१०,००० रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागेल. आपल्या स्वतःच्या सेवेवर जीएसटी लागत नसेल तर त्याची वजावट मिळत नाही आणि तो थेट खर्चातच धरावा लागतो, हे आपल्या सीएंना आधीच विचारून घ्यावे. आकडे इतके जवळ असताना निवड आकड्यांवरून होत नाही. काम अंदाजापेक्षा वाढले तर त्याचा भार कोणी उचलायचा, यावरून ती करावी लागते.

ठोक प्रस्तावात 'भाडे आकारणी' अशी एकच ओळ असते. आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. एका शेतकऱ्याने मार्चमध्ये ३०० पेट्या ठेवल्या, जूनमध्ये सौद्यासाठी १२० काढल्या आणि भाव न पटल्याने त्यांतल्या ४० परत आणून ठेवल्या. या ४० पेट्यांचे भाडे मार्चपासून सलग धरायचे की जूनपासून नव्याने? मोडका महिना पूर्ण धरायचा की अर्धा? लॉट नंबर जुनाच ठेवायचा की नवा द्यायचा? आपल्या दिवाणजींना हे तोंडपाठ असते, पण कोटेशन लिहिणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. तो सर्वांत सोपा अर्थ धरून रक्कम लिहितो आणि तिसऱ्या महिन्यात, खरा नियम समोर आल्यावर, 'हा बदल आहे, याचे पैसे वेगळे' असे सांगतो. त्यात लबाडीच असते असे नाही. लेखी कागदावर त्याचे म्हणणे बरोबरही असते.

मासिक दराच्या करारात हा वाद उद्भवत नाही, मात्र प्रत्येक नव्या नियमाचा वेळ आपल्या खिशातून जातो. म्हणून असा करार त्यांनीच करावा ज्यांच्याकडचा जाणता माणूस दर आठवड्याला तास-दोन तास बसून चालू काम स्वतः तपासू शकतो, आणि त्यातही एकूण खर्चाची कमाल मर्यादा व एका महिन्याच्या सूचनेने थांबण्याची मुभा लिहून घ्यावी. आपले सगळे नियम आज कागदावर उतरवता येत असतील तर ठोक रक्कम चांगली. येत नसतील, आणि बहुतेकांना ते येत नाहीत, तर आम्ही तिसरी वाट सुचवतो: आधी दोन-तीन आठवड्यांचे फक्त अभ्यासाचे काम वेगळे पैसे देऊन करून घ्यावे, त्यातून तयार होणारा कामाचा आराखडा आपल्या मालकीचा असावा आणि त्यावर दोन्ही कंपन्यांकडून नव्याने ठोक दर घ्यावेत.

मालकीचे कलम मात्र दोन्ही प्रकारांत तितक्याच काळजीने वाचावे. पैसे आपण दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपले झाले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, लेखी हस्तांतरण नसेल तर, सामान्यतः त्या कंपनीकडेच राहतो. हस्तांतरणाचा लेख असूनही त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. त्यामुळे 'कायमस्वरूपी व सर्व प्रदेशांसाठी' हे शब्द आणि सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कधी, कोणत्या स्वरूपात हाती पडणार ही तारीख, दोन्ही करारात हवीत.

डोमेन (इंटरनेटवरचा आपला पत्ता) आणि सर्व्हर (ज्या संगणकावर सॉफ्टवेअर व नोंदी राहतात तो) यांचे खाते आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर असावे. आमच्याकडे आलेल्या एका ग्राहकाचे खाते आधीच्या कंपनीच्या नावावर होते. संबंध बिघडल्यावर त्यांना स्वतःच्याच तीन वर्षांच्या नोंदी परत मिळवण्यासाठी दोन महिने खेटे घालावे लागले आणि शेवटी अर्ध्या नोंदी वह्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक तपशील ज्यात आहेत त्या माहितीची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुख्यतः आपल्यावरच येते, काम कोणालाही दिलेले असो.

उशिरासाठी मोठा दंड लिहिला म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मानू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते, आणि तीही दावा लढल्यावर. त्यापेक्षा हप्ते कामाला बांधावेत: आवक-जावक आपल्या गोदामात, आपल्या माणसाच्या हाताने चालली की एक हप्ता, भाड्याचे बिल दिवाणजींच्या हिशेबाशी जुळले की दुसरा. निम्मी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला, मग ते आम्ही असलो तरी, हे सांगायला संकोचू नये.

देखभालीचा वार्षिक करार कोणत्या तारखेपासून लागू होतो आणि त्याआधी किती महिने चुका विनामूल्य दुरुस्त होतील, हेही लिहून घ्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा बेदाणा येऊ लागतो. तेव्हा सॉफ्टवेअर डिसेंबरअखेर सुरू होईल आणि जानेवारीत वही व संगणक दोन्ही सोबत चालवता येतील, अशीच मुदत दोन्ही प्रस्तावांत मागावी. ज्याला ती जमत नसेल त्याचे काम त्या हंगामात सुरू करू नये.