काटा, फॅट मशीन, प्रिंटर आणि हँडहेल्डचा एकुलता पोर्ट

सोलापूर जिल्ह्यात कुठल्याही दूध संकलन केंद्रावर पहाटे सहाला गेलात, तर एकच क्रम दिसेल. काट्यावर दूध ओतलं जातं, नमुन्याची बाटली फॅट मशीनच्या नळीखाली धरली जाते, मिनिटभरात फॅट आणि एसएनएफचे (दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन पदार्थांचे) आकडे येतात आणि सचिव पावती फाडून देतो. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा आपल्याकडे दराचा पाया. तिथून एका दशांशानं खाली आलं तरी पैसे कापले जातात. त्यामुळे पावतीवरचा आकडा कुणी हातानं टाकलेला नसावा, मशीनमधून थेट यावा, असं दूध घालणाऱ्याला वाटतं, आणि ते अगदी रास्त आहे.

पूर्वी हे सगळं वहीत व्हायचं. गर्बरच्या पद्धतीत ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या खुणांच्या काचेच्या नळीत, 10 मिलि सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिलि दूध आणि 1 मिलि अमाईल अल्कोहोल घालून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि आकडा डोळ्यानं वाचून लिहायचा. इलेक्ट्रॉनिक काटा आला, अल्ट्रासॉनिक फॅट मशीन आलं, तसा दोघांच्या पाठीवर नऊ पिनांचा सिरियल पोर्ट, म्हणजे आकडे एकापाठोपाठ एक वायरीवरून पाठवायची जोडणी, आला. ते आकडे घेऊन प्रिंटरवर पावती काढायला हँडहेल्ड, म्हणजे हातातला छोटा कॉम्प्युटर, आला. मी या मशीन दुरुस्त करत बार्शी, वैराग, मोहोळ पट्ट्यात फिरतो, आणि सचिवांचा नेहमीचा प्रश्न एकच असतो: "हातातल्या मशीनला पोर्ट एकच हाय, आन् जोडायची तीन. कसं करायचं?"

ही अडचण 1960 सालापासून चालत आली आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं आरएस-232 हे सिरियल पोर्टचं मानक काढलं. एका टोकाला टेलिप्रिंटर, दुसऱ्या टोकाला मोडेम, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पाठवणारा एक, ऐकणारा एक. तिसऱ्याची सोय त्यात नाहीच. 1969 ची 'सी' आवृत्ती पुढे घराघरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली, 1984 मध्ये आयबीएमच्या पीसी-एटीनं पंचवीस पिनांऐवजी नऊ पिना रूढ केल्या, पण दोघांपुरताच असलेला करार तसाच राहिला.

या मानकात 'एक' म्हणजे उणे 3 ते उणे 15 व्होल्ट आणि 'शून्य' म्हणजे अधिक 3 ते अधिक 15. काही पाठवायचं नसतं तेव्हाही पाठवणारी वायर उणेमध्येच बसून असते. म्हणून अनोळखी काटा समोर आला की मी मल्टिमीटरचा काळा प्रोब 5 नंबरच्या पिनवर ठेवतो आणि लाल प्रोब आधी 2 वर, मग 3 वर लावतो. उणे सहा-आठ व्होल्ट दिसले की समजायचं, ही पिन बोलणारी. आता काटा आणि फॅट मशीन यांच्या अशा दोन बोलणाऱ्या वायरी पिळून एकत्र बांधल्या तर? एक गप्प असली तरी लाइन उणेकडे ओढून धरते, दुसरी ती अधिककडे ढकलू पाहते आणि पडद्यावर कचरा येतो. हे करून बसलेली केंद्रं मी पाहिली आहेत.

हुशार माणसांनी त्यातूनही वाट काढली. काटा फक्त बोलतो, सेकंदाला कितीतरी वेळा वजन पाठवत राहतो. प्रिंटर ऐकतो. मग एकाच पोर्टची येणारी वायर काट्याला आणि जाणारी वायर प्रिंटरला जोडली, दोघांचा बॉड रेट (आकडे पाठवायचा वेग) सारखा ठेवला, की एका पोर्टवर दोन यंत्रं चालतात. कागद संपला हे मात्र प्रिंटरला मागे कळवता येत नाही, तेवढं माणसानं बघायचं. फॅट मशीनसाठी मग खटक्याची स्विच बॉक्स यायची: खटका इकडे, काटा, तिकडे, फॅट. सकाळच्या गर्दीत खटका फिरवायचा राहिला की रांगच थांबायची.

1983 च्या आरएस-485 या पुढच्या मानकानं दोन वायरींवर 32 यंत्रं आणि 1200 मीटरपर्यंतचं अंतर शक्य केलं. त्याच्याही आधी, 1979 मध्ये, मॉडिकॉन कंपनीनं आणलेल्या मॉडबस या यंत्रांच्या बोलण्याच्या नियमांमध्ये प्रत्येक यंत्राला 1 ते 247 मधला एक पत्ता असतो आणि हाक मारल्याशिवाय कुणी बोलत नाही. कारखान्यांमध्ये ही व्यवस्था उत्तम चालते. आपल्या काट्याला मात्र पत्ताच नसतो. तो न विचारता बोलत राहतो, त्यामुळे नुसता 485 चा कन्व्हर्टर लावून उपयोग होत नाही.

हातातल्या कॉम्प्युटरला पोर्ट एकच का, याचं उत्तर सेलमध्ये आहे. 1984 चा सायन ऑर्गनायझर असो की दोन ट्रिपल-ए सेलवर चालणारा 1996 चा पाम पायलट, पोर्ट जागा ठेवला की सेल उतरायचे. आरएस-232 ला लागणारे अधिक-उणे व्होल्ट पाच व्होल्टमधून बनवणारी मॅक्स-232 चिप 1980 च्या दशकात आली म्हणून ही छोटी यंत्रं सिरियल भाषा बोलू तरी शकली. पोर्ट वाढवायचा म्हणजे चिप, जागा आणि सेल, तिन्हींचा खर्च.

यूएसबी 1996 मध्ये आली, पण तिथे हँडहेल्ड स्वतःच दुसऱ्याला जोडलं जाणारं यंत्र होतं. 2001 च्या ऑन-द-गो मानकानं हँडहेल्ड यजमान, म्हणजे इतर यंत्रं स्वतःला जोडून घेणारं, होऊ शकलं, आणि 2011 मध्ये अँड्रॉइड 3.1 पासून ॲपना थेट यूएसबी यंत्रांशी बोलता येऊ लागलं. आता एका हबवर यूएसबीचं सिरियल करणारे तीन कन्व्हर्टर लावता येतात. पण बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरना स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे कुठला कन्व्हर्टर कुठला हे हँडहेल्डला ओळखता येत नाही. एका केंद्रावर लाइट जाऊन आली आणि काट्याचा पोर्ट फॅट मशीनच्या नावावर गेला. सचिवानं पावती वाचली म्हणून बरं, नाहीतर 6.4 लिटर दूध 6.4 फॅटचं झालं असतं. तेव्हापासून मी पोर्टच्या नावावर विसंबत नाही. आलेल्या ओळीची घडण तपासून हा काटा की हे फॅट मशीन ते ठरवायला ॲपवाल्याला सांगतो.

ब्लूटूथनं मला सगळ्यात मोठा दिलासा दिला तो वेगळ्याच कारणानं. आरएस-232 मध्ये 5 नंबरची पिन सगळ्या यंत्रांचं अर्थिंग एकत्र बांधते. फॅट मशीन एका बोर्डावर, काटा दुसऱ्या, आणि मे महिन्यातला वळीव कडाडला की केबलमधून पोर्टच जळायचा. सिरियल पोर्ट प्रोफाइल (ब्लूटूथवरून सिरियल पोर्टसारखं बोलायची पद्धत) वापरणारी ब्लूटूथची डबी काट्याला लावली की मधली वायरच जाते, आणि एका हँडहेल्डला तशी सात यंत्रं जोडता येतात.

गेल्या वळवाआधी वैरागजवळच्या एका केंद्रावर अशा दोन डब्या बसवल्या. बसवण्याआधी मल्टिमीटर काढला, काळा प्रोब 5 वर, लाल 2 वर: काहीच नाही. 3 वर: उणे 7.2.