तुरीचा वांझ रोग, कोळी अन् विषाणूंची भावकी

लातूर, बीड, परभणीकडं तुरीच्या रानात एखादं झाड असं सापडतंच की शेजारची तूर पिवळ्या फुलांनी लदलीय अन् हे मात्र नुसतं पाल्यानं भरलंय, पानं बारकी, फिक्कट, फूल नाही की शेंग नाही. हाच वांझ रोग, विषाणूमुळं होणारा. याची पहिली नोंद 1931 सालची, बिहारमधल्या पुसाची, पण विषाणू शुद्ध स्वरूपात वेगळा काढणंच जमत नव्हतं, त्यामुळं तो हाती लागायला जवळपास 70 वर्षं गेली, इक्रिसॅट (हैदराबादजवळच्या पटनचेरूची आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था) आणि स्कॉटलंडच्या शास्त्रज्ञांनी मिळून शोधला.

पसरवणारा आहे एरिओफाइड कोळी. आपण ओळखतो तो जाळी करणारा लाल कोळी वेगळा, हा साधारण 0.2 मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यानं दिसतच नाही, पायही आठ नाहीत तर चारच. पंख नाहीत, वारा नेईल तिकडं जायचं, अन् जगायचं तर तूर किंवा तिच्या रानटी जातीच पाहिजेत.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती या विषाणूची भावकी. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय माहिती साठवणारा रेणू, पाच-सहा तुकड्यांत असतो. फुलकिडे पसरवतात तो भुईमुगाचा शेंडेमर, गोचीड पसरवते तो माणसांचा क्रिमियन-काँगो ताप, हे सगळे याचे दूरचे भाऊबंद! फरक असा की झाडांतल्या विषाणूंकडं पेशीभिंतीतल्या बारीक छिद्रांतून पलीकडं जायला एक जादाचं प्रोटीन असतं, जनावरांतल्यांकडं ते नाही. म्हणून अंदाज असा की यांचे पूर्वज आधी किडे-कोळ्यांतच राहत होते, झाडात शिरले ते नंतर.

पण सगळ्यांची वाट हीच नाही बरं का. अमेरिकेत गव्हावर स्ट्रीक मोझॅक नावाचा विषाणू येतो, तोही एरिओफाइड कोळीच पसरवतो, पण त्याचं घराणं पूर्ण वेगळं, आपल्या पपईवरच्या रिंगस्पॉटचं. रिंगस्पॉट माव्यातून जातो, त्याला एचसी-प्रो नावाचं प्रोटीन लागतं, अन् गव्हाच्या विषाणूला कोळ्यातून जायलाही एचसी-प्रोच लागतं. म्हणजे कोळ्यावर स्वार होणं उत्क्रांतीत एकदाच घडलं नाही, वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या परीनं ते जमवलं.

शेतात याचा अर्थ एवढाच की बियाण्यातून हा रोग येत नाही, खोडवा तूर अन् बांधावर राहिलेली जुनी झाडंच कोळ्याला आणि विषाणूला उन्हाळाभर सांभाळतात, ती उपटा. बदनापूरच्या केंद्राचे बीएसएमआर-736, बीएसएमआर-853 हे वाण रोगाला प्रतिकारक म्हणूनच काढलेत. मात्र विषाणूचे प्रकार भागाभागात वेगळे आहेत, बंगळूरकडचा पटनचेरूपेक्षा जास्त जहाल, त्यामुळं तिकडं टिकलेला वाण इकडं टिकेल किंवा इकडचा तिकडं, असं धरून चालता येत नाही.