शेततळ्यातला जिताडा

मराठवाड्यात शेततळी वाढली, तशा मत्स्यपालनाच्या चित्रफितीही मोबाइलवर फिरू लागल्या. त्यांपैकी काहींत जिताडा या समुद्री माशाबद्दल ‘जिताड्याचे बीज एकदा सोडा, पुढे त्याची पैदास आपोआप होत राहील’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. याउलट समुद्राचा मासा गोड्या पाण्यात जगणे शक्यच नाही, असे ठामपणे म्हणणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही समजुतींत तथ्य नाही, आणि त्याचे कारण जिताड्याच्या कल्ल्यांत व जीवनक्रमात दडलेले आहे.

जिताडा, म्हणजे शास्त्रीय नावाने लेटीस कॅल्कॅरिफर, बंगालमध्ये भेटकी आणि आंध्रात पंडुगप्पा म्हणून ओळखला जातो. आपल्याकडील बाजारात त्याला सी बास म्हणतात आणि बासाशी त्याची गल्लत होते. वास्तविक बासा हा मिशा असलेला, बिनखवल्यांचा मासा आहे, तर जिताड्याचे खवले मोठे व खरखरीत असतात. त्याचे डोके टोकदार असून कपाळाची रेषा डोळ्यांच्या वर आत दबलेली दिसते आणि वरचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो. पाठीवरच्या पराला (पंखाला) पुढे सात ते नऊ काटे, मागे मऊ, लवचीक काड्या आणि दोहोंच्या मध्ये खोल खाच असते. शेपटी गोलाकार असते. रात्री प्रकाश पडला की डोळे तांबूस-सोनेरी चमकतात. तो दीड-दोन मीटरपर्यंत वाढू शकतो.

आता मुख्य प्रश्न: हा मासा खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत जगतो कसा? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. मिठात ठेवलेल्या कैरीच्या फोडींना जसे पाणी सुटते, तसेच समुद्रातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर जात असते. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचेच पाणी पितो आणि त्याबरोबर आलेले जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींतून बाहेर टाकतो. या पेशींच्या रक्ताकडील पडद्यावर एक पंप असतो, जो ऊर्जा खर्चून प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन आयन (विद्युतभारित कण) पेशीबाहेर रक्ताकडे ढकलतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. वरवर हे उलटेच वाटते, कारण मीठ तर समुद्राकडे जायला हवे. परंतु खरी गंमत इथेच आहे. पेशीतले सोडियम असे कमी झाले की रक्तातले सोडियम पुन्हा आत शिरू पाहते, आणि ते ज्या वाहक प्रथिनातून शिरते ते प्रथिन त्याच्यासोबत एक पोटॅशियम व दोन क्लोराइड आयनही आत आणते. साचलेले क्लोराइड समोरच्या पडद्यातील वाहिनीतून समुद्रात निघून जाते आणि त्यामुळे निर्माण झालेल्या विद्युत ओढीने रक्तातले सोडियम दोन पेशींमधल्या फटीतून त्याच्या पाठोपाठ जाते. ही क्लोराइड वाहिनी ज्या प्रथिनाची बनलेली असते, तेच प्रथिन माणसात सदोष असले तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

गोड्या पाण्यात सारा व्यवहार उलटतो. आता पाणी शरीरात घुसत राहते, म्हणून मासा पाणी पिणे जवळजवळ थांबवतो, मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतात आणि कल्ले पाण्यातले तुरळक क्षार शोषून घेऊ लागतात. हा पालट संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली होतो आणि त्याला वेळ लागतो. म्हणून खाऱ्या पाण्यात वाढलेले बीज गोड्या पाण्यात सोडण्यापूर्वी खारेपणा टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो.

शेततळ्यात जिताडा जगतो, वाढतो, परंतु वंश वाढवत नाही. प्रजननासाठी त्याला नदीमुखाजवळचे खारे पाणी लागते. तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरतीच्या वेळी मादी अंडी सोडते. शिवाय जिताडा प्रथम नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, मादी बनतो. शुक्राणू अगदी सूक्ष्म असल्याने लहान शरीरालाही ते परवडतात, तर मोठ्या मादीच्या पोटात कोट्यवधी अंडी मावतात; तेव्हा आधी नर आणि मग मादी होण्यात प्रजेचा हिशेब फायद्याचा ठरतो. कोंबडी आरवली तर तिला अशुभ ठरवून कापणारी माणसे आपल्याकडे आजही आहेत. तिथे बहुधा अंडाशय निकामी होऊन संप्रेरके बदललेली असतात. जिताड्यात तर तेवढाही बिघाड नसतो, तो त्याचा नेहमीचा जीवनक्रम आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरहून लहान जिताड्याप्रमाणेच १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा पकडण्यासही मनाई आहे, कारण असे मोठे मासे बहुतेक माद्याच असतात.

नदीमुखाजवळ जन्मलेली पिल्ले एरवी प्रवाहाविरुद्ध गोड्या पाण्यात चढतात. पैठण-नांदेडवरून वाहणारी गोदावरी समुद्राला मिळते खरी, परंतु राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमला १८५२ पासून बंधारा आहे आणि त्याच्या वर पोचमपाड, विष्णुपुरी, जायकवाडी ही धरणे. तेव्हा मराठवाड्यातील शेतकऱ्याला दर वेळी बीज विकतच आणावे लागणार. भारतात ते तयार करण्याचे तंत्र चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये यशस्वी केले. हे बीज रोहू-कटल्याच्या बोटुकलीबरोबर (बोटाएवढ्या पिल्लांबरोबर) एकाच तळ्यात सोडू नये, कारण जिताडा पक्का मांसाहारी आहे. आकारानुसार वेळोवेळी निवड करून वेगळी केली नाहीत, तर त्याची पिल्ले आपल्या निम्म्याहून अधिक लांबीचे भावंडही गिळतात.