संसर्गोत्तर पचनबिघाड

पोटाचा संसर्ग (तीव्र जठरांत्रदाह) ओसरल्यानंतरही काही दिवस, आठवडे किंवा महिने रेंगाळणारी पचनाची तक्रार. ताप उतरलेला असतो, उलट्या थांबलेल्या असतात. तरी जेवण होताच शौचाला पळावे लागते, पोट फुगते, गुडगुडते, दूध बाधते, भूक लागत नाही. ‘पोट नाजूक झालंय’ हे घरगुती निदान इथे बऱ्यापैकी अचूक ठरते.

मूळ आजार बहुधा थोड्या दिवसांचा असतो. नोरोव्हायरसचा जोर एक ते तीन दिवसांत सरतो, रोटाव्हायरस मुलांना तीन ते आठ दिवस छळतो, कॅम्पायलोबॅक्टर किंवा साल्मोनेला या जिवाणूंचा संसर्ग साधारण आठवडाभर चालतो. १४ दिवसांच्या आतल्या जुलाबांना तीव्र अतिसार म्हणतात. जुलाब चार आठवड्यांपलीकडे गेले तर ते जीर्ण मानून कारण शोधावे लागते.

जुलाब थांबणे आणि आतडे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या बुडाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत शेंड्यापर्यंत पोचतात आणि गळून पडतात; ही फेरी एरवी तीन ते पाच दिवसांत पुरी होते. संसर्गात शेंड्यांवरच्या तयार पेशी झडतात आणि त्यांच्या जागी घाईने आलेल्या कोवळ्या पेशींना पचनाचे काम अजून नीट जमत नसते. दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारे लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) या तयार पेशींवरच असल्याने त्याची उणीव आधी जाणवते आणि भरून यायलाही वेळ लागतो.

म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घेतलेले पेलाभर दूध अंगाशी येते. न फुटलेले लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ते आंबवून वायू तयार करतात. तास-दोन तासांत पोट ढोलासारखे ताणते, कळ येते आणि पातळ, आंबूस शौचाला होते. संसर्ग उलटला असे रोग्याला वाटते. प्रत्यक्षात ही तात्पुरती लॅक्टोज असह्यता असते व काही आठवड्यांत आपोआप जाते. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला हातभार लावत असल्याने दही अनेकांना त्या काळातही सोसते. तान्ह्या बाळाचे स्तनपान मात्र या कारणाने थांबवू नये.

तक्रार रेंगाळण्यामागे इतरही कारणे असतात. जिआर्डिया हा परजीवी उपचाराविना आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतो. पित्तक्षार (पित्तातले, चरबी पचवायला मदत करणारे क्षार) नीट शोषले गेले नाहीत तर ते मोठ्या आतड्याला चिडवतात. प्रतिजैविकांनंतर क्लॉस्ट्रिडिऑइडेस डिफिसिल हा जिवाणू डोके वर काढू शकतो. एरवी सुप्त राहिलेला सीलिएक रोग (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) किंवा आतड्याचा दाहक विकारही याच निमित्ताने उघडकीस येतो.

काहींच्या बाबतीत मात्र सर्व तपासण्या स्वच्छ येतात आणि त्रास तसाच राहतो. याला संसर्गोत्तर क्षोभी आंत्र (आयबीएस) म्हणतात. १९६२ मध्ये ऑक्सफर्डच्या चौधरी व ट्रूलव्ह या डॉक्टरांनी क्षोभी आंत्राच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे चतुर्थांश जणांची कहाणी आमांशापासून सुरू होत होती. आतड्याच्या संसर्गानंतर ढोबळमानाने दहापैकी एकाला हा विकार जडतो. आजार जितका तीव्र आणि लांबलेला, तितका धोका अधिक. स्त्रियांमध्ये आणि आजारपणाच्या वेळी चिंतेने ग्रासलेल्यांमध्येही तो जास्त आढळतो. यावरून ‘सगळं मनाचं आहे’ असा निष्कर्ष काढणारे चुकतात. अशा रुग्णांच्या आतड्यात दाहपेशी आणि सेरोटोनिन (आतड्याच्या हालचाली व संवेदनांशी निगडित रसायन) स्रवणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत, आणि आतडे जरासे ताणले गेले तरी तिथले मज्जातंतू ते वेदना म्हणून कळवतात.

उपचाराचा पाया साधा आहे. जुलाब चालू असताना क्षारसंजीवनी (ओआरएस) घोट-घोट द्यावी. पुड्यावर लिहिलेल्या मापापेक्षा पाणी कमी घेऊन ती घट्ट करू नये. मुलांना जागतिक आरोग्य संघटना १० ते १४ दिवस जस्त (झिंक) सुचवते. पोटाला ‘विश्रांती’ म्हणून उपास करण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे, कारण अस्तराच्या पेशी अन्नावरच पोसल्या जातात. केळी-भात-टोस्ट एवढ्यावरच दिवसेंदिवस राहणेही तितकेच निरुपयोगी. थोडे-थोडे, पण नेहमीचे जेवण लवकर सुरू करावे. तळलेले, फार गोड पेये, कॉफी आणि मद्य काही दिवस लांब ठेवावे. प्रोबायोटिकचा (पोटाला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या औषधांचा) गाजावाजा पुराव्यापेक्षा मोठा आहे. शौचातून रक्त पडत असेल किंवा चांगलाच ताप असेल तर जुलाब रोखणारी लोपरामाइडसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये.

रक्त पडणे, वजन घटणे, झोपेतून उठून शौचाला जावे लागणे, ताप परतणे, रक्तक्षय यांपैकी काहीही दिसल्यास रेंगाळलेला संसर्ग समजून वाट पाहू नये, डॉक्टरांना दाखवावे.

संसर्गोत्तर क्षोभी आंत्राचा विकार किती काळ टिकतो याचा चांगला अंदाज कॅनडातल्या वॉकरटन गावावरून येतो. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात ई. कोलाय व कॅम्पायलोबॅक्टर हे जिवाणू मिसळले. दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, सात दगावले. पुढे तपासलेल्या, दूषित पाण्याची बाधा झालेल्या रहिवाशांपैकी सुमारे २८ टक्क्यांमध्ये दोन-तीन वर्षांनी क्षोभी आंत्राची लक्षणे होती. आठ वर्षांनी हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर आले होते.