लावा बंधू : होसे कोणते, हेसुस कोणते?

फिलिपिन्सच्या कम्युनिस्ट चळवळीबद्दल वाचताना ‘लावा’ हे आडनाव आलं की हा कोणता भाऊ, ते तपासावंच लागतं. बुलाकान प्रांतातले तीन लावा बंधू वेगवेगळ्या काळात पक्षाचे सरचिटणीस होते. थोरले विसेंते रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्याबाबत गोंधळ सहसा होत नाही. तो होतो होसे आणि हेसुस यांच्यात. वयात जेमतेम दोन वर्षांचं अंतर, आणि एकाला अटक होताच दुसऱ्याने पक्षाची सूत्रं हाती घेतली.

होसे (जन्म १९१२) वकील, हेसुस (जन्म १९१४) डॉक्टर. जपानविरोधी हुकबालाहाप ही शेतकऱ्यांची गनिमी सेना मार्च १९४२ मध्ये मध्य लुझोनमध्ये उभी राहिली. तिच्यात लढलेले आणि पुढे काँग्रेसवर, म्हणजे फिलिपिन्सच्या संसदेवर, निवडून गेलेले लावा म्हणजे डॉक्टर हेसुस.

त्या निवडणुकीची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एप्रिल १९४६ मध्ये डेमोक्रॅटिक अलायन्स या डाव्या आघाडीतर्फे सहा जण जिंकले. बुलाकानमधून हेसुस होते, आणि हुकांचे (हुकबालाहापच्या गनिमांचे) सरसेनापती लुईस तारुकही होते. पण निवडणुकीत दहशत आणि गैरप्रकार झाल्याचा आरोप ठेवून त्यांना सभागृहात बसूच दिलं नाही. देशाच्या नैसर्गिक संपत्तीवर अमेरिकी नागरिकांना बरोबरीचा हक्क देणारी घटनादुरुस्ती तेव्हा तीन-चतुर्थांश मतांनी मंजूर करून घ्यायची होती, आणि हे सगळे तिच्या विरोधात होते. जमीनदारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा राग जुनाच होता. पण लोकांनी निवडून दिलेल्यांना दारातच अडवलं, हा अन्याय मला हुकांच्या पुढच्या सशस्त्र बंडाच्या कारणांत फार मोठा वाटतो.

होसे १९४८ मध्ये सरचिटणीस झाले. गनिमी सेनेत लढलेल्या डॉक्टरांपेक्षा हे वकीलच अधिक घाईत होते. क्रांतीची वेळ आली आहे, दोनेक वर्षांत सत्ता हाती येईल, असं १९५० च्या सुरुवातीला त्यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने ठरवलं. त्याच ऑक्टोबरात मनिलातल्या छाप्यांत ते आणि पॉलिटब्यूरोचे (पक्षाच्या सर्वोच्च समितीचे) इतर सदस्य पकडले गेले. म्हणून मजकुरात नुसतं ‘सरचिटणीस लावा’ असेल तर साल बघावं : १९४८ ते ऑक्टोबर १९५० असेल तर होसे, त्यानंतर १९६४ पर्यंत हेसुस. हेसुस यांनी भूमिगत राहून हळूहळू सशस्त्र लढा आवरता घेतला. मे १९६४ मध्ये तेही मनिलातच सापडले.

१९६८ मध्ये नवा पक्ष काढणाऱ्या होसे मारिया सिसोन यांनी सगळ्या लावांवर एकत्रच कोरडे ओढले. पण त्यातला उतावीळपणाचा आरोप होसे यांना लागू होतो, माघारीचा हेसुस यांना.

बंडात घडलेल्या खून-जाळपोळीसारख्या कृत्यांची बंडाशी सांगड घालून शिक्षा वाढवता येणार नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये कवी आणि कामगार नेते आमादो हेर्नांदेस यांच्या प्रकरणात मांडलं होतं. १९६९ मध्ये तेच होसे यांच्या खटल्यात लागू झालं. १९७० मध्ये सुटल्यावर ते प्रागला गेले. हेसुस यांना १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी माफी दिली. त्यांचं निधन २००३ मध्ये झालं.